झालं, हला आता

१

त्या दिवशी खळ्यावरचा तो फोटो काढला कोणी?

हा प्रश्न मी गेणभाऊंना विचारला, त्यांच्या सुनेला विचारला, जीपवाल्या सावळेरामला विचारला, लॅबवाल्याला विचारला. दादालाही विचारला, तो होता तोपर्यंत. उत्तर कोणीच दिलं नाही. सावळेराम तर म्हणाला, "येड पांघरू नको राव, तूच काढला आसशील."

मी काढला नव्हता. माझ्या दोन्ही हातांत थर्माकोलचा तक्ता होता.

मी भागू. मास्तरांनी मला डस्टर फेकून मारलं, ते मी उचलून परत त्यांच्याच अंगावर फेकलं, आणि सातवीतच माझी शाळा संपली. घरी बाप नव्हता, मारायचं काम दादाचं होतं. दादा म्हणजे ज्ञानेश्वर, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्यानं मारलं नाही. घोडेगावात एसटी स्टँडजवळ त्याचा फोटो स्टुडिओ होता, तिथं मला नेलं आणि हातात पांढरा तक्ता दिला. ऊन त्याच्यावर घेऊन माणसाच्या तोंडावर पाडायचं.

"उजेड धर," म्हणाला. "उजेड धरायला शाळा लागत नाय."

आठ वर्षं मी उजेड धरला.

स्टुडिओ म्हणजे एक खोली. मागं तळं आणि हंस रंगवलेला पडदा, पुढं लाकडी स्टूल, दोन दिवे. आमच्याकडची माणसं फोटोला बसली की लाकूड होतात. मान ताठ, डोळे मोठे, श्वास बंद. दादा "एक, दोन, तीन" म्हणायचा, खटका दाबायचा आणि लगेच म्हणायचा, "झालं, हला आता." ते ऐकलं की माणसं सैल पडायची आणि हसायची. खरा फोटो त्या हसण्याचा काढायला हवा, असं मला वाटायचं.

एकदा कुशाबा नावाचा म्हातारा पेन्शनच्या फोटोला आला होता. दादानं खटका दाबला आणि तेवढ्यात शेजारच्या एसटीडी बूथवरून हाक आली, फोन आलाय म्हणून. दादा तसाच पळाला. परत आला तर म्हातारा स्टुलावर तसाच, तोंड लालबुंद, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या.

"आरं सोड की आता!" म्हातारा ओरडला. "जीव घेतो का माजा?"

आम्ही दोघं दोन दिवस हसत होतो. पण त्यानंतर दादा कधी विसरला नाही. मला म्हणाला, "मानूस आपल्या शब्दावर दम धरून बसतंय भागू. आपलं झालं की सोडून द्यावं त्याला."

२

२००१ साल. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. पुण्याहून फोन आला. जुनी शेतं, जुने बांध, जुन्या विहिरी बघत फिरणारी काही मंडळी होती. त्यांना तळेघरच्या अलीकडचं गेणभाऊंचं शेत बघायचं होतं, आणि दिवसभराचे फोटो काढायला माणूस हवा होता. दादानं नवा रोल घेतला, निळ्या चौकड्यांचा शर्ट इस्त्री केला. उज्ज्वलावहिनी म्हणाली, "फोटो काढाया चाललाय का काढून घ्यायला?"

"मला कोन काढतंय," दादा म्हणाला.

ते खरंच होतं. दादाचा फोटो घरात नव्हता. त्याच्या लग्नाचा रोल त्याच्या दोस्तानं काढला, आणि रोल संपायच्या आतच कॅमेऱ्याची पाठ उघडली. सगळा रोल उजेडात गेला. वहिनी अजून त्या दोस्ताच्या नावानं बोटं मोडते.

भीमाशंकरच्या एसटीनं आम्ही गेलो. फाट्यावर उतरून तासभर चाललो. पुण्याचे सात जण सावळेरामच्या जीपनं आले आणि जीप जिथं अडली तिथून ओढ्याकडेनं वर चढले. सावळेराम जीपमध्येच झोपला.

डोंगराच्या पोटाला पायऱ्या कापाव्यात तशी भाताची खाचरं होती, एकाखाली एक. बांध नुसत्या दगडांचे, चुना नाही की काही नाही, तरी एक दगड ढळलेला नाही. सगळ्यात वरच्या पायरीवर खळं. आमच्याकडे खळं शेणानं सारवतात. हे काळ्या दगडांनी गोल बांधलेलं होतं. बैलांच्या खुरांनी दगड इतके गुळगुळीत झाले होते की दुपारच्या उन्हात पाणी साचल्यासारखं दिसायचं. मधे मळणीचा खांब.

"किती जुनं असेल हे?" पुण्याच्या सरांनी विचारलं.

गेणभाऊ म्हणाले, "माझ्या पणज्याला त्याच्या पणज्यानं सांगितलं व्हतं, लई जुनं हाय."

सगळे हसले. मग गेणभाऊ म्हणाले की ह्या खळ्यावरचं भात किल्ल्यावर जायचं. "राजं बदललं, भात जातच राह्यलं."

खळ्याच्या कडेला गेणभाऊंची आई लंकाबाई भात मापत बसली होती. पायली भरायची, हातानं वरचं सपाट करायची, पोत्यात ओतायची. ओठात मोजायची. पहिली पायली मात्र तिनं पोत्यात ओतली नाही. खळ्याच्या कडेच्या दगडावर ओतली आणि म्हणाली, "लाभ." मग पुढची पोत्यात, "दोन." मग "तीन." दादानं तिचे चार फोटो काढले.

पुण्याच्या एक बाई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. "आजी, एक का नाही म्हणालात?"

"पयलं खळ्याचं आसतं. खळ्याचं मोजत न्हाईत."

"आणि मोजलं तर?"

लंकाबाईनं पायली खाली ठेवली. "काय व्हतं ते बघाया कोन थांबलंय, बाई."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

३

दुपारी जेवायच्या आधी सगळ्यांचा एक फोटो काढायचं ठरलं. दादानं खळ्याच्या एका कडेला स्टँड लावला. समोरच्या कडेला रांग. पुण्याचे सात, गेणभाऊ, त्यांची बायको अंबाबाई, सून अश्विनी, आणि लंकाबाईला बळेच उठवून मधे उभी केली. अश्विनी नवी सून, लाजून पार उजव्या टोकाला गेली. तिच्या पलीकडे कोणी नव्हतं. नुसता दगड आणि खालची दरी.

"भागू, मानसं मोज रे," दादा म्हणाला. "कॉप्या किती काढायच्या ते कळंल."

मला चेष्टा सुचली. मला चेष्टा सुचली की मी थांबत नाही, तेवढं डोकं मला नाही. एक कॉपी दादालाही हवी, असं माझ्या मनात आलं. मी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि ओरडलो, "एक!" मग रांगेवर बोट फिरवत गेलो, "दोन, तीन, चार..." बारा झाले.

लंकाबाई रांगेतून बोलली, "आरं लेकरा, खळ्यावर हायस तू."

"आज्जे, मानसं मोजतोय. भात नाय."

दादाही हसला. त्यानं वाकून डोळा कॅमेऱ्याला लावला. मी तक्ता उचलला. ऊन डोक्यावर होतं, ते रांगेच्या तोंडावर पाडायला मला तक्ता वाकडा, जवळजवळ माझ्या तोंडापुढं धरावा लागला. त्यामुळं रांग मला दिसत नव्हती. दादाचा एक कोपर आणि निळ्या चौकड्यांची पाठ, एवढंच दिसत होतं.

"एक," दादा म्हणाला. "दोन. तीन."

खटका वाजला.

मी वाट बघत राहिलो. हात भरून आले होते. "झालं, हला आता" आलं की तक्ता खाली ठेवायचा, आठ वर्षांची सवय. ते आलंच नाही. कुठंतरी खाली गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती, ती थांबली. बऱ्याच वेळानं मी म्हणालो, "दादा?"

पाठ हलली नाही.

"दादा, झालं का?"

मी तक्ता खाली घेतला. रांग अजून तशीच उभी होती, अकरा माणसं, डोळे मोठे करून. दादा कॅमेऱ्यामागं वाकलेला. मग तो हळूहळू सरळ झाला आणि काही न बोलता रोल पुढं फिरवला. माणसं आपली आपणच सैल झाली, एकमेकांकडे बघून ओशाळं हसली. "आम्हाला वाटलं अजून एक काढताय," सर म्हणाले.

अश्विनी तेवढी हसली नाही. ती दोन पावलं आत सरकली होती, आणि उजव्या हाताला वळून बघत होती.

येताना एसटीत मी दादाला म्हणालो, "आज तू हला म्हनायला इसरलास."

"आरं हो," दादा म्हणाला. मग बाहेर बघत बसला. डिंभ्याच्या धरणाचं पाणी मागं गेलं तेव्हा परत म्हणाला, "आरं हो."

४

रोल मंचरच्या लॅबला धुवायला दिला. दोन दिवसांनी दादाच जाऊन घेऊन आला. पाकीट उघडून एकेक फोटो बघितला आणि त्यातला एक काढून ड्रॉवरमध्ये टाकला. कुलूप लावलं.

"तो कोनता?"

"ग्रुपचा. नीट आला न्हाई."

दादाचा ग्रुप फोटो नीट आला नाही, हे आठ वर्षांत पहिल्यांदा झालं. बारा कॉप्या द्यायच्या होत्या. पुण्याला काय तोंड दाखवायचं? तो जेवायला गेला आणि मी पान्यानं कुलूप तोडलं.

फोटो अगदी नीट आला होता. ऊन तोंडांवर बरोबर पडलं होतं, माझं काम चांगलं झालं होतं. मी डावीकडून मोजायला लागलो, तर बारा भरले.

उजव्या टोकाला, अश्विनीच्या पलीकडे, जिथं नुसता दगड होता तिथं, दादा उभा होता. निळ्या चौकड्यांचा शर्ट. हात मांड्यांना चिकटवलेले, मान ताठ, छाती भरलेली. गिऱ्हाईक उभं राहतं तसा. बाकी सगळे कॅमेऱ्यात बघत होते. तो थोडा बाजूला बघत होता. कॅमेऱ्याच्या शेजारी. जिथं मी तक्ता धरून होतो, तिथं.

डोकं चालवायचं म्हणून मी ते चालवलं. कॅमेऱ्याला आपोआप फोटो निघायचा खटका असतो, तो लावून माणूस पळत रांगेत जाऊ शकतो. पण आमच्या कॅमेऱ्याचा तो खटका गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात तुटला होता, मीच पाडला होता कॅमेरा. मग दोन फोटो एकावर एक आले असतील? तर बाकीचीही दुहेरी दिसली असती. लॅबवाल्याला मी दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह दाखवली. त्यानं ती दिव्यावर धरली. "जे हाय तेच छापलंय. बारा मानसं हायेत," म्हणाला. "का? एकाचं पैसं द्यायचं न्हाईत का?"

त्या दिवशी दादा जेवून आला. तुटलेलं कुलूप बघितलं. मी फोटो त्याच्यापुढं आपटला.

"ह्यो कोन?"

"मी."

"तू कॅमेऱ्यामागं व्हतास. मी बघितलं तुला."

"काय बघितलंस?"

मी बोलायला गेलो आणि थांबलो. मी पाठ बघितली होती. शर्ट बघितला होता.

"मी तितं उभा व्हतो," दादा म्हणाला, "दिसतंय की. तू एक म्हनलास, मी जाऊन उभा राह्यलो."

"मग काढला कुनी?"

दादानं फोटो हातात घेतला.  मला वाटलं आता सांगेल. पण त्यानं मलाच विचारलं, हळू आवाजात, जसं गिऱ्हाईक विचारतं.

"काढला का?"

५

मग ते सुरू झालं.

आधी नळावर. हंडा भरून वाहत होता आणि दादा शेजारी उभा. हात मांड्यांना, मान ताठ. वहिनीनं नळ बंद केला आणि त्याला हलवलं, तेव्हा त्यानं मोठा श्वास सोडला, बुडता माणूस वर आल्यासारखा. मग जेवताना. घास तोंडापाशी आणला की तसाच. डोळे मोठे, समोरच्या भिंतीकडे. मी हाक मारली की श्वास सोडायचा आणि विचारायचा, "काढला का?"

"हो, काढला," मी म्हणायचो. त्याला ते पटायचं नाही. माझ्याकडे कॅमेरा कुठं होता?

डॉक्टर म्हणाले, ताण आहे, झोपेच्या गोळ्या देतो. देवऋष्याकडे जायचा विषय वहिनीच्या आईनं काढला, मी तिच्यावर ओरडलो. रागाच्या भरात मी वहिनीवरही ओरडलो. कारण खळ्यावर काय झालं ते मी तिला सांगितलं नव्हतं. काय सांगणार? तुमच्या नवऱ्याला मी एक म्हणालो?

स्टुडिओत तो काम करायचा. खटका दाबायचा. पण "झालं, हला आता" म्हणायचा नाही. गिऱ्हाइकं बसून राहायची आणि दादा त्यांच्याकडे असा बघायचा, जणू ह्यांना काय सांगायचं असतं ते आठवत नाही. शेवटी मीच मागून म्हणायला लागलो.

एक दिवस वहिनी मला म्हणाली, "भावजी, हे दम धरत्यात तवा रोज जरा जास्त येळ धरत्यात. मी मोजते."

"मोजू नका," मी एवढ्या जोरात म्हणालो की तिच्या हातातली वाटी पडली.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेऱ्यात नवा रोल भरला, काउंटर शून्यावर आणला, कॅमेरा दादासाठी स्टुडिओत ठेवला आणि त्याला म्हणालो, बाहेर काम आहे. तळेघरची एसटी पकडली.

गेणभाऊ खाचरात होते. मी फोटो दाखवला. ते फोटोकडे बघून म्हणाले, "हे काय, तुजा भाऊ. पर तो तर त्या पेटीमागं व्हता ना रं?"

"तेच इचारतोय मी!"

"वरडू नको बाबा. मला काय म्हाईत. मी दम धरून पुढं बघत व्हतो."

अश्विनी ओट्यावर सूप घेऊन पाखडत होती. तिनं फोटो हातात घेतला नाही, लांबूनच बघितला.

"माज्या शेजारी कुनीतरी येऊन उभं राह्यलं," ती म्हणाली. "मला वाटलं पुन्याचं पावनं. परक्या मानसाचा हात लागंल म्हनून मी आत सरकले."

"दिसलं का तोंड?"

"फोटोला मान वळवायची नसती ना." ती पुन्हा पाखडायला लागली. मग सूप न थांबवता म्हणाली, "झाल्यावर वळून बघितलं तर न्हवतं कुनी. पर दगड गरम न्हवता तितला. सगळं खळं तापलेलं, आन तेवढाच गार."

लंकाबाई आतून बाहेर आली. माझ्याकडे बघितलं, माझ्यामागं वाटेकडे बघितलं.

"एकलाच आलास? त्याला घरी कशापायी ठिवलास?"

"आज्जे, मी चेष्टा केली व्हती," मी म्हणालो. मला रडू आलं. "मला म्हाईत नव्हतं."

"म्हाईत कुनाला आसतंय," ती म्हणाली. "जा घरी. पळ."

परतीची एसटी अडीचला होती. मी फाट्यावर बसून राहिलो. घोडेगावच्या स्टँडवर उतरलो तर स्टुडिओपुढं माणसं जमली होती. मी आत घुसलो. मला दोघांनी धरायला बघितलं, एकाला मी ढकलून पाडलं.

दोन्ही दिवे लावलेले. दादा स्टुलावर बसला होता, मागं तळं आणि हंस. हात मांड्यांवर. मान ताठ. डोळे मोठे. समोर स्टँडवर कॅमेरा, त्याच्याकडे तोंड करून. एसटीडीवाला सांगत होता, बाराच्या सुमारास आपण आत डोकावलो, दादा फोटोला बसलेला दिसला, म्हणून गडबड न करता परत गेलो. एक वाजता परत आलो, तरी बसलेला. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. बसल्या बसल्या माणूस जातो, पण कलंडतो. हा कलंडला कसा नाही, असं ते कंपाउंडरला हळूच म्हणाले. मी ऐकलं.

त्याला उचलून नेल्यावर मी दिवे विझवले. कॅमेऱ्याचा काउंटर बघितला.

तो एकवर होता.

७

दहाव्याला फोटो हवा होता. जन्मभर गावाचे फोटो काढलेल्या माणसाचा हार घालायला एक फोटो सापडेना. वहिनीला ड्रॉवरमध्ये तो ग्रुपचा सापडला. तिनं तो छातीशी धरला. "किती छान आल्यात," म्हणाली. मी नको नको म्हणालो.  आमच्या मामांनी लॅबमधून दादाचा तेवढा भाग मोठा करून आणला, चौकट केली, बाहेरच्या खोलीत लावला.

मोठ्या फोटोत नीट दिसत होतं. गाल जरासे फुगलेले. ओठ घट्ट मिटलेले.

"त्या कॅमेऱ्यात एक फोटो हाय म्हनं त्यांचा," वहिनी एकदा म्हणाली. "स्टुडिओतला. शेवटचा. धुऊन आना की भावजी. ह्याच्यात ते माज्याकडं बघत न्हाईत."

मी कॅमेरा ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं होतं. "आनतो," म्हणालो. आणला नाही.

तेराव्यानंतर पाहुणे गेले, आणि एका सकाळी वहिनी फोटोची काच पुसत होती. पुसली, मागं सरून बघितली, परत पुसली. पदर ओला करून घासली.

"हे बगा की," म्हणाली.

काचेवर वाफ होती. तोंडाच्या जागी, रुपयाएवढा गोल. मी बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं. वाफ आतल्या बाजूला होती.

थंडीचे दिवस होते, भिंतीला ओल असेल. मी चौकट उतरवली, मागचे खिळे काढले, फोटो कोरडा होता, काच कोरडी होती. पुसून परत बसवली. दुसऱ्या दिवशी परत गोल. दुसऱ्या भिंतीला लावली, चुलीजवळ. तिथंही. गोल यायचा, हळूहळू विरायचा, बराच वेळ काही नाही, मग परत थोडासा. दोन गोलांमधली वेळ वाढत चालली होती. मी मोजत नव्हतो. पण कळत होतं.

वहिनी घाबरली नाही. मी घाबरलो होतो. ती फोटोसमोर बसून राहायची. एक दिवस म्हणाली, "आजून दम धरून हायेत ते." मग तिनं माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी माझ्या मनगटात रुतली. हातात आता दोन काचेच्याच उरल्या होत्या. कोणी काहीही म्हटलं तरी तिनं त्या काढल्या नव्हत्या. "भावजी, कुनीतरी सांगा त्यांना. झालं म्हनून सांगा."

"आन तो रोल? तुमाला शेवटचा फोटो पायजे व्हता."

तिनं माझा हात सोडला.

"नको," म्हणाली. "मला बगायला मिळावं म्हनून आडकवून ठिवायचं न्हाई त्यांना."

८

जानेवारी लागला होता. मी ट्रंक उघडली. कॅमेरा आणि स्टँड घेतला. थर्माकोलचा तक्ताही घेतला, का ते माहीत नाही. धरायला कोणी नव्हतं.

खळ्यावर कोणी नव्हतं. मळणी संपली होती, दगड झाडून ठेवलेले. गेणभाऊंनी मला वर जाताना बघितलं, अडवलं नाही. अश्विनी घरातच राहिली. लंकाबाई मात्र काठी टेकत आली आणि खळ्याच्या कडेला आपल्या जागी बसली. तिच्या मांडीवर पायली होती, ओच्यात भात. 

दुपारचे बारा. ऊन तेव्हासारखंच डोक्यावर. ग्रुपचा तो फोटो हातात धरून मी जागा शोधली, खांब कुठं दिसतो, डोंगराची धार कुठं येते, त्यावरून. स्टँड लावला. आठ वर्षांत मी कॅमेऱ्यामागं कधी उभा राहिलो नव्हतो. वाकलो, डोळा लावला.

काळा दगड. खांब. पलीकडे दरी. कोणी नाही. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी मोकळ्या दगडाचा फोटो काढायला एवढं लांब आलो होतो.

खांद्यावरून थंड वारं गेलं. मी लंकाबाईकडे बघितलं नाही, पण तिच्या पायलीत भात पडताना ऐकू आलं. मग ते दगडावर ओतल्याचा आवाज.

"लाभ," मी म्हणालो.

माझा आवाज खळ्यावर फिरला.

"दोन."

उजव्या टोकाला चित्र धूसर झालं. माझा श्वास काचेला लागला असेल म्हणून मी डोळा काढला, बाहीनं काच पुसली, परत बघितलं. धूसर तसंच होतं. पुसलं जात नव्हतं. रुपयाएवढा गोल, आणि त्याच्यामागं निळं काहीतरी. चौकड्या. मांडीला चिकटलेला हात. बोटं थरथरत होती, फार वेळ आवरून धरल्यावर थरथरतात तशी. तोंड मला दिसलं नाही. मी बघायचा प्रयत्न केला नाही. फोटो काढणाऱ्यानं घाई करायची नसते, पण उशीरही करायचा नसतो, असं दादा म्हणायचा.

"तीन."

खटका मी दाबला. माझ्याच बोटानं. हे मी लिहून ठेवतो.

मग मी सरळ झालो, तक्त्याआडून नाही, कॅमेऱ्याआडून नाही, आणि मोठ्यानं म्हणालो, जसं तो सगळ्या गावाला म्हणायचा.

"झालं, दादा. हल आता."

कोणीतरी श्वास सोडला. लांब, खूप लांब. लंकाबाई म्हातारी आहे, तिला चढून धाप लागली असेल. मी विचारलं नाही. खाली कुठंतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजायला लागली.

मी उजव्या टोकाला गेलो आणि दगडावर तळवा ठेवला. तो तापलेला होता, बाकीच्यांसारखा.

मग कॅमेऱ्याची पाठ उघडली. रोल शेवटपर्यंत ओढून काढला, आणि दोन्ही हातांनी उन्हात धरला.